अंगठा, मनगट, पोटरी, मांडी: फांद्या आणि झाडोरा तोडायची हत्यारं कशी निवडावीत

आजोबांची वाडी दहा-पंधरा वर्षं कोणी बघितलेली नसते. आंब्या-काजूत रानमोडी घुसलेली असते, गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, करवंदीच्या जाळ्या चढलेल्या असतात, हापूसच्या अर्ध्या फांद्या वाळून गेलेल्या आणि उरलेल्यांवर बांडगूळ. मुंबई-पुण्याहून वाडी पुन्हा उभी करायला आलेली माणसं हे बघतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘चेनसॉ कुठला घेऊ?’

मीही पहिल्या वर्षी तोच घेतला होता. घरामागच्या कलमाची मांडीएवढी फांदी वरून एका दमात कापायला गेलो. करवत निम्म्यात पोचली असेल नसेल, फांदी आपल्याच वजनाने कडाडून खाली आली आणि जाताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. त्या जखमेतून पुढे खोडकिडा शिरला. कलम अजून उभं आहे, फळही देतं, पण त्या बाजूने वाजवून पाहिलं तर पोकळ आवाज येतो.

तेव्हापासून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो. आधी लाकडाची जाडी बघा, मग ते झाड आहे की झुडूप ते बघा, आणि हत्यार सगळ्यात शेवटी. झाडाची फांदी कापतो तेव्हा मागे उरलेली जखम झाडाला भरून काढायची असते. झुडूप काढतो तेव्हा ते पुन्हा फुटू नये एवढंच बघायचं असतं. दोन्ही कामं ‘तोडणं’च आहेत, पण हत्यारं अगदी वेगळी लागतात.

पहिली पायरी: खरेदीआधी वाडीत एक फेरी

सकाळी उन्हं चढायच्या आत वही, चुन्याचा डबा आणि काठी घेऊन वाडी फिरा. पायात गमबूट हवेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळावर, पालापाचोळ्यात आणि गडग्याच्या फटींत फुरसं असतं, आणि ते बोटभर अंतरावर येईपर्यंत दिसत नाही. काठीने पाचोळा हलवत पुढे जायचं. झाडावर आग्यामोहोळ आहे का, ओंबिलांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची, पानांची घरटी किती आहेत, फांद्यांजवळून विजेची तार गेलीय का, हे वर मान करून बघायचं.

जी फांदी काढायची तिला चुन्याचा ठिपका द्या आणि वहीत तिची जाडी लिहा. टेप लागत नाही. आमच्याकडे गडी जी मापं बोलतात ती पुरेशी आहेत: अंगठ्याएवढी, कुदळीच्या दांड्याएवढी, मनगटाएवढी, पोटरीएवढी, मांडीएवढी. फेरी संपली की प्रत्येक मापाच्या पुढे किती रेघा आल्या ते मोजा. बहुतेक वाड्यांत मांडीएवढ्या फांद्या चार-पाच निघतात आणि अंगठ्या-मनगटाच्या शेकड्याने. तुमचे पैसे कुठे जायला हवेत ते ही वहीच सांगते.

याच फेरीत कायद्याचाही विचार करून घ्या. महाराष्ट्रात वृक्षतोड नियमन अधिनियम १९६४ चा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ अशी कोकणातल्या वाडीत हमखास असणारी झाडं आहेत. झाड आपल्या सातबाऱ्यावर असलं तरी मुळापासून तोडायला परवानगी लागते. शहरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे नगरपालिकेच्या हद्दीत फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा. गोव्यात १९८४ चा झाडांच्या रक्षणाचा कायदा लागू आहे. आणि तारेला टेकलेली फांदी आपण तोडायची नाही. महावितरणच्या कार्यालयात जाऊन सांगायचं, त्यांनी लाइन बंद केल्यावरच ती निघते. ओला बांबूसुद्धा वीज वाहून नेतो.

दुसरी पायरी: अंगठ्यापर्यंत सिकेटर, दांड्यापर्यंत लॉपर

पहिली खरेदी सिकेटरची, म्हणजे एका हाताने चालवायच्या छाटणीच्या कात्रीची. कोवळ्या फुटी, वाळक्या काड्या, कलमाच्या खुंटावर आलेले रायवळ धुमारे, मोहराच्या जुन्या दांड्या, सगळं यानेच होतं. यात दोन जाती आहेत आणि दुकानदार आपणहून फरक सांगत नाही. एकात कात्रीसारखी दोन पाती एकमेकांना घासून जातात. दुसऱ्यात एक धारदार पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन टेकतं, सुरी पाटावर टेकते तसं. ओल्या फांदीला पहिलंच घ्या, कारण दुसरं फांदी कापता कापता चेपतं आणि चेपलेली साल पुढे काळी पडते. वाळक्या लाकडाला मात्र दुसरं चांगलं चालतं.

दुकानात ते हातात घेऊन उघडझाप करा. पूर्ण उघडल्यावर तुमची बोटं दोन्ही मुठींवर आरामात पोचली पाहिजेत, नाहीतर तासाभरात हात भरून येतो. पाती मिटल्यावर मध्ये उजेड दिसता कामा नये. मधला नट पान्याने घट्ट करता येतो का आणि पातं, स्प्रिंग सुटं मिळतं का, ते विचारा. लुधियानाच्या फाल्कनचं सिकेटर तालुक्याच्या गावी सहज मिळतं आणि सुरुवातीला पुरतं. १९४५ पासून सिकेटर बनवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या फेल्कोचं कितीतरी पट महाग पडतं, पण त्याचा प्रत्येक भाग बदलता येतो, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळं मॉडेलही आहे. माझा सल्ला, पहिल्या वर्षी साधं घ्या. रोज हातात येतंय असं दिसलं तर मग महाग.

कापताना पातळ धारदार पातं झाडाच्या बाजूला आणि जाड बोथट बाजू टाकून द्यायच्या तुकड्याकडे. उलट धरलं तर चेपलेला भाग झाडावरच राहतो. आणि फांदी कापली जात नाही म्हणून सिकेटर पिळू नका. पिळावं लागतंय म्हणजे लाकूड त्याच्या मापाबाहेर गेलं.

तिथून पुढे लॉपर. सिकेटरलाच हात-दीड हात लांब दांडे लावले की लॉपर झाला. कुदळीच्या दांड्याएवढ्या, म्हणजे तीन-चार सेंटिमीटरच्या फांदीला तो ठीक. करवंदीच्या किंवा बोरीच्या जाळीत हात न घालता बुंध्यापर्यंत पोचता येतं हा त्याचा मोठा फायदा. पण खरं सांगायचं तर करवत चांगली असेल तर लॉपर एखादं वर्ष नाही घेतला तरी अडत नाही.

तिसरी पायरी: मनगट-पोटरीसाठी करवत

फांद्यांच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं आणि नवख्यांकडे हमखास नसणारं हत्यार म्हणजे झाडाची करवत. घरात सुताराची करवत असते, तीच घेऊन लोक झाडावर चढतात. ती वाळक्या फळीसाठी केलेली असते. ओल्या लाकडाचा भुसा दमट आणि चिकट, तो बारीक दातांत भरतो आणि करवत अडकते. झाडाच्या करवतीचे दात मोठे असतात, दोन दातांमध्ये भुसा मावायला जागा असते, आणि बहुतेकींचं पातं किंचित वाकडं असतं.

घडीची करवत घ्या. जपानी पद्धतीची असेल तर ती ओढताना कापते, ढकलताना नाही. ओढताना पातं ताणलेलं राहतं म्हणून ते पातळ ठेवता येतं, आणि पातळ पातं म्हणजे कमी श्रम. नवखा माणूस सवयीने ढकलायला जोर लावतो आणि पातं वाकवतो. हात मोकळा ठेवून फक्त ओढायचं, परत जाताना ती आपोआप जाते. मापाचा ठोकताळा असा, की फांदीची जाडी पात्याच्या निम्म्याहून जास्त नको. आठ-नऊ सेंटिमीटरच्या फांदीला अठरा-वीस सेंटिमीटरचं पातं. पोटरीएवढ्या फांद्या जास्त असतील तर तीस सेंटिमीटरच्या आसपासची, म्यानात बसणारी करवत घ्या.

खरेदी करताना दातांची टोकं बघा. ती निळसर-काळी दिसत असतील तर ती खास तापवून कडक केलेली आहेत. असे दात फार दिवस धार धरतात, पण एकदा गेले की साध्या कानशीने लागत नाहीत, पातंच बदलावं लागतं. म्हणून सुटं पातं मिळतं का हे इथेही विचारायचं.

उंचावरच्या फांदीसाठी लांब काठीला लावलेली करवत मिळते. जमिनीवर उभं राहून काम होतं म्हणून शिडीपेक्षा मला ती कधीही बरी वाटते. फक्त फांदीच्या थेट खाली उभं राहायचं नाही, काठी तिरकी धरायची, डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर चष्मा. भुसा आणि ओंबिल दोन्ही वरून डोळ्यांतच पडतात.

चौथी पायरी: कुठे कापायचं

हत्यार आलं म्हणजे कापता येतं असं नाही. आणि हे कळलं नाही तर महाग करवतसुद्धा नुकसानच करते.

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे नीट बघा. थोडा फुगवटा असतो, कधी सुरकुत्यांची वळी दिसते. ही फांदीची कॉलर. झाड जखम भरून काढतं ते या भागातून. पूर्वी जगभर शिकवत, की फांदी खोडाला चिकटून सपाट कापा. अमेरिकेच्या वन विभागात काम केलेल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिलं आणि दाखवून दिलं, की कॉलर कापली तर झाडाची आतली भिंत मोडते आणि कूज खोडात उतरते. म्हणून काप कॉलरच्या लगेच बाहेर. फार बाहेरही नको, कारण मागे राहिलेला खुंट वाळतो आणि वाळवीला, किड्याला वाट होते.

मनगटाहून जाड फांदी असेल तर तीन काप. पहिला खालून, खोडापासून हातभर अलीकडे, फांदीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. करवत आवळली जायला लागली की थांबायचं. दुसरा वरून, पहिल्या कापापेक्षा दोन-तीन इंच बाहेरच्या बाजूला. फांदी तुटते तेव्हा साल खालच्या कापापाशी येऊन थांबते, खोडापर्यंत जात नाही. आता उरलेला हातभर खुंट हलका असतो. तो एका हाताने धरून कॉलरच्या बाहेर तिसरा काप. घरामागच्या त्या कलमाला मी पहिला, खालचा काप दिला असता तर आज त्याचं खोड भरीव असतं.

बांडगुळाच्या बाबतीत नुसतं बांडगूळ ओढून काढू नका. त्याचा चोषक फांदीच्या आत रुतलेला असतो आणि तिथूनच पुन्हा फुटतं. ते जिथे चिकटलंय त्याच्या खाली, खोडाच्या बाजूला वीतभर अंतर ठेवून फांदीच कापा, आणि बांडगुळाला फळं धरायच्या आधी कापा, कारण त्याचं बी पक्षी नेतात.

हंगाम म्हणाल तर आंबा-काजूची छाटणी फळ उतरल्यावर. भर उन्हाळ्यात मोठी फांदी काढली तर आतली सावलीत वाढलेली साल उन्हाने भाजते. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. थोडीच हवी असेल तर १०० ग्रॅम, १०० ग्रॅम, एक लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही. तयार पेस्टमध्ये स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला.

एका झाडाचं काम संपवून दुसऱ्याकडे जाताना पातं स्पिरिटने पुसून घ्या. फांदीमर झालेल्या झाडावरून निरोगी झाडावर जाताना तर नक्कीच.

पाचवी पायरी: कोयती

इथपर्यंत कोयतीचं नाव घेतलं नाही ते मुद्दाम. उभ्या कलमाच्या जिवंत फांदीवर नवख्याने कोयती चालवू नये. सराईत गडी एका घावात काचेसारखा काप देतो. आपले पाच घाव पाच ठिकाणी पडतात आणि साल फाटते. पण जमिनीवरच्या झाडोऱ्यात आणि पाडलेल्या फांदीची डहाळी सवळताना, म्हणजे छाटून काढताना, कोयतीला तोड नाही. बेणणी, म्हणजे वाडीतलं गवत-झाडोरा साफ करणं, तिच्याशिवाय होत नाही.

कोयती ऑनलाइन घेऊ नका, लोहाराकडे जा. चांगले लोहार गाडीच्या जुन्या कमानपाट्यापासून ती घडवतात. ते पोलाद चिवट असतं आणि पाणी नीट दिलं तर धार टिकते. हातात घेऊन बघा, मनगट खाली ओढलं जात असेल तर ती तुमच्यासाठी जड आहे. पात्याची शेपटी मुठीत खोल गेलेली हवी आणि मुठीच्या तोंडाला लोखंडी कडं हवं, नाहीतर वापरता वापरता पातं निसटून उडतं. मूठ एवढीच जाड, की धरल्यावर बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकतील. टोकाला चोचीसारखा बाक असलेली घ्या. ती चोच वेली ओढायला कामी येते आणि घाव चुकला तर धार सरळ जांभ्यावर आपटत नाही. डावखुरे असाल तर लोहाराला आधी सांगा, कारण एका अंगाने धार काढलेली कोयती दुसऱ्या हातात भलतीकडे घसरते. ऊसतोडीचा कोयता घेऊ नका. त्याचं रुंद, पातळ पातं उसासाठी असतं, कुड्याच्या किंवा करवंदीच्या बुंध्यावर ते वाकतं.

कोयतीबरोबर आकडी घ्या, कमरेला मागे बांधायची लाकडी अडकवण. कोयती हातात नसेल तेव्हा ती आकडीत असली पाहिजे. गवतावर ठेवलेली कोयती पायच शोधतो.

घाव काटकोनात नाही, तिरका घालायचा. दुसरा हात घावाच्या वाटेत नको आणि दोन माणसांत चार-पाच हात मोकळे हवेत. पाडलेली फांदी सवळताना ती तुमच्या आणि घावाच्या मध्ये राहू द्या, तुम्ही अलीकडे, डहाळी पलीकडे. एक गोष्ट कोणी सांगत नाही: तिरका घाव घातला की मागे भाल्यासारखा सड राहतो. रानमोडीचा राहिला तर तो कुजतो, पण करवंदीचा, बांबूचा सड चप्पल फोडून पायात जातो. म्हणून अंगठ्याहून जाड झुडूप कोयतीने वरचं वर मोकळं करून घ्या आणि बुंधा करवतीने जमिनीलगत सपाट कापा. बांबूही करवतीनेच, पेराच्या लगेच वर, म्हणजे नळीत पाणी साचत नाही.

सहावी पायरी: झाडोरा ओळखून हत्यार

रानमोडी कापत बसणं म्हणजे तिला छाटणी देणं. बुडातून ती दुप्पट फुटते. पावसाळ्यात माती मऊ असते तेव्हा लहान रोपं हाताने उपटा, मोठीला कुदळ लावा. थंडीच्या सुरुवातीला तिला फुलं येतात आणि बी वाऱ्याने जातं, त्याआधी काम संपवायचं.

घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी एक पद्धत पुढे आणली, ती मी वापरतो. झुडूप वरून तोडायचं नाही. कुदळीने किंवा टिकावाने जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं, मुळं वर करून वाळू द्यायचं. फुटवा येतो तो मूळ-खोडाच्या जोडावरून, आणि तोच भाग जमिनीबाहेर निघून आलेला असतो. म्हणजे घाणेरीसाठी खरं हत्यार कोयती नाही, कुदळ आहे.

खाजकुयलीच्या शेंगा वाळायच्या आत तिची वेल काढा. वाळल्यावर तिची कुसं वाऱ्यावर उडतात आणि त्या भागात कोणी कामाला उभं राहत नाही. शेराच्या कुंपणाला हात लावण्याआधी डोळ्यांवर बंद चष्मा हवाच, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा सुजून बंद होतो. बिब्ब्याचं झाड ओळखायला शिका, त्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. घाटाच्या वरच्या वाचकांना वेड्या बाभळीशी सामना असतो. तिथे लांब दांड्याची हत्यारं, चामड्याचे हातमोजे आणि काटेरी फास रेटायला बेचकीची काठी. वरून कापली तर तीही फुटते, बुंधा पहारीने खणूनच काढावा लागतो.

आणि सगळं साफ करू नका. गडग्यावरची करवंद मी ठेवली आहे. ती माती धरते, गुरं अडवते, मे महिन्यात मुलांना करवंदं देते. उतारावरचा झाडोरा पावसाच्या तोंडावर मुळासकट काढला तर पहिल्याच सरीत माती खाली जाते. तिथे फक्त कापा, आणि कापलेलं तिथेच पसरून ठेवा.

सातवी पायरी: ब्रश कटर

वाडी एकरभराहून मोठी असेल आणि गडी मिळत नसतील, तर ब्रश कटरला, म्हणजे गवत-झुडपं कापायच्या फिरत्या पात्याच्या यंत्राला, पर्याय नाही. खांद्यावर लटकवायचा आणि पाठीवर घ्यायचा असे दोन प्रकार येतात. सपाटीवर पहिला, उतार आणि दळ्यांवर (पायऱ्यांसारख्या जमिनीच्या तुकड्यांवर) पाठीवरचा. दुकानात पूर्ण टाकी भरलेलं यंत्र अंगावर घेऊन दहा मिनिटं उभं राहून बघा.

यंत्रापेक्षा पातं महत्त्वाचं आहे. मऊ गवताला आणि कलमांच्या बुंध्याजवळ नायलॉनची दोरी. पण कोवळ्या रोपाची साल तीसुद्धा सोलते, म्हणून बुंध्याभोवतीचं हातभर विळ्यानेच काढा. जून गवत आणि बोटाएवढ्या झुडपांना तीन दातांचं जाड पातं. त्याहून जाड बुंध्यांना गोल करवतीचं पातं, आणि तेही त्या यंत्राच्या पुस्तकात परवानगी असेल तरच.

बहुतेक ब्रश कटरचं पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जायचं. कापलेलं डावीकडे पडतं आणि वाट मोकळी राहते. पंधरा मीटरच्या आत दुसरा माणूस नको. आमच्याकडे जांभ्याचे तुकडे गवतात लपलेले असतात आणि पात्याला लागलेला दगड गोळीसारखा सुटतो. आधी फिरून दगड वेचा, पात्यावरचं संरक्षक कवच कधीही काढू नका. यंत्राला अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज करून ठेवा, अनुदान मंजूर व्हायच्या आधी बिल करू नका.

आठवी पायरी: आता चेनसॉ

वहीत मांडीएवढ्या फांद्यांच्या रेघा चार-पाचच असतील तर एका दिवसासाठी जाणत्या माणसाला बोलवा. त्याच्यासोबत उभं राहून बघा, शिका. वादळाने पाडलेली झाडं असतील, सरपण करायचं असेल, तर घ्या. १४ ते १६ इंचांची पट्टी नवख्याला पुरते. जी फांदी कापायची तिच्यापेक्षा पट्टी दोनेक इंच लांब असली की झालं. साखळी थांबवणारा ब्रेक चालतो का ते दुकानातच तपासा.

पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागला की चेनसॉ डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडाकडे उसळतो. म्हणून नाकाने कधी कापायचं नाही, दोन्ही हातांनी अंगठे आवळून धरायचं, खांद्याच्या वर न्यायचा नाही, शिडीवर चढून तर अजिबात नाही. बाजारात आलेल्या बॅटरीच्या छोट्या, एका हातात मावणाऱ्या चेनसॉबद्दल लोक विचारतात. काम चांगलं करतात. पण दुसरा हात फांदी धरायला नकळत पुढे जातो आणि त्यातच बोटं जातात. घेतलात तर दुसरा हात कुठे आहे हे दर वेळी बघा.

टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोल आणि ऑइल मिसळून घालावं लागतं. ५०ला १ प्रमाण असेल तर एक लिटरला २० मिलिलिटर, २५ला १ असेल तर ४०. कुठलं ते त्या यंत्राच्या पुस्तकात बघा. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जाम होतं. साखळीचं ऑइल वेगळं, त्याची टाकी वेगळी. साखळीतून भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की धार गेली. गोल कानस साखळीच्या मापाचीच हवी, बहुधा ४ किंवा ४.८ मिलिमीटर, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे.

यंत्राबरोबर जाळीचा किंवा काचेचा मुखवटा असलेलं हेल्मेट, कानाचे बोळे, जाड बूट आणि चेनसॉसाठीचे खास चॅप्स, म्हणजे पायांवरची जाड आवरणं, घ्या. ही लांब आवरणं मांडीवर बांधायची असतात, आतले धागे साखळीत गुंतून ती थांबवतात. यंत्राच्या पैशांत हे बसत नसेल तर यंत्र पुढच्या वर्षी घ्या.

पावसाआधी

कोकणाच्या हवेत उघडं पोलाद एका रात्रीत तांबूस होतं. काम झालं की सिकेटर आणि करवतीवरचा चीक रॉकेलच्या किंवा खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसा. आंब्याचा चीक वाळला की पातं उघडतच नाही. कोयती दगडावर पाणी टाकून पाजवा, एकाच कोनात, पात्याच्या मागून धारेकडे, आणि तेलाचा हात देऊन आकडीसकट चुलीजवळ टांगा. करवतीचं पातं तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळा. ब्रश कटर आणि चेनसॉ महिनाभर बंद राहणार असतील तर टाकी रिकामी करा आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहत नाही. नाहीतर बेणणीच्या दिवसांत, गडी दारात उभे असताना, दोरी ओढून ओढून खांदा दुखतो आणि तालुक्याला जाऊन कार्बोरेटर धुऊन आणेपर्यंत दिवस जातो.